वर शेजारी नसतो

लाईन गेली की आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत एक कवायत होते, आणि ती कुणी कुणाला शिकवलेली नाही. पंखा थांबतो. घरातलं एक माणूस उठून फाटकापाशी येतं आणि समोरच्या घराकडे बघतं. समोरच्या घरातूनही तोवर कुणीतरी बाहेर आलेलं असतं. "तुमची गेली का?" "गेली ना. तुमची?" "आमचीबी गेली." एवढं झालं की दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरतं. सगळ्यांची गेली म्हणजे काळजीचं कारण नाही. मग कुणीतरी "येईन" म्हणतं. आमच्याकडे बोलताना 'येईल'चं 'येईन' होतं आणि 'ळ'चा 'य'. आणि सगळे आपापल्या फाटकाला टेकून गप्पा हाणत उभे राहतात. आमच्या भागात शेजारपाजार अजून टिकून आहे तो निम्मा या लाईनच्या कृपेनं, असं माझं मत आहे.

या कवायतीत गल्लीतला एकच माणूस कधी सामील झाला नाही. माझ्या घराला भिंत लागून राहणारे इंगोले काका. लाईन गेली रे गेली की त्यांच्या घरातून आरोळी येई, "अल्टरनेटर गेला! लोड उतरवा!" आणि पाठोपाठ खटाखट बटणं बंद झाल्याचा आवाज. मी या गल्लीत नवी राहायला आले तेव्हा पहिल्यांदा ती आरोळी ऐकून माझ्या हातातली परात पडली होती. शेजारी काहीतरी जळतंय या समजुतीनं मी पाण्याची बादली घेऊन धावले. दारात काका उभे. गळ्यात दोरीनं बांधलेली बॅटरी, खिशात टेस्टर, मिशा ताठ. बादलीकडे बघून म्हणाले, "मॅडम, इजेच्या कामात पानी नेत नसतात. या, बसा. पन पंखा मागू नका."

काका मूळचे रिसोड तालुक्यातल्या केनवडचे. तरुणपणी हवाई दलात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, आणि तिथून निवृत्त झाल्यावर एका फ्लाइंग स्कूलमध्ये बरीच वर्षं होते. छोट्या, दोन-चार माणसांच्या विमानांतली वीज नीट ठेवायची आणि शिकाऊ पोरापोरींना ती समजावून सांगायची, हे त्यांचं काम. त्यातही रात्रीच्या उड्डाणाला वीज किती लागते, कशाला लागते आणि ती संपत आली तर काय करायचं, हा त्यांचा जीव की प्राण. "दिवसा इमान कोनीबी उडवते," ते म्हणायचे. "डोये असले की झालं. रातच्याले इजेवर उडवा लागते." तुम्ही स्वतः उडवलंय का, असं मी एकदा विचारलं. काका जराही न ओशाळता म्हणाले, "मी कायले उडवू? जे उडवत होते ते माह्या भरवशावर उडवत होते." सगळे गुण वाटून झाले आणि नम्रतेची पाळी आली, तेव्हा नेमकी देवाघरची लाईन गेली असावी.

दुसऱ्याच्या घरातला दिवसाढवळ्या जळणारा बल्ब काकांना सहन होत नसे. दूध उतू जाताना बघून आपला जीव जसा वरखाली होतो, तसा त्यांचा होई. सकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र मागायला आले की आधी व्हरांड्यातला दिवा बंद करत आणि मग नमस्कार करत. बँकेत, दवाखान्यात, तालुक्याच्या कचेरीत, कुठेही हाच प्रकार. एकदा दर्ग्याजवळच्या चहाच्या टपरीत त्यांनी एक दिवा बंद केला. टपरीवाला म्हणाला, "काका, दुकान उघडं आहे हे लोकाईले कसं समजन?" काका म्हणाले, "वासानं समजन. चहा चांगला कर." बाकी चहा त्यांनी तिथेच प्यायला, वर दुसरा कप मागितला, आणि जाताना दिवा लावूनही दिला. माणूस हट्टी होता, पण खट्याळपणात तेवढाच मोकळा होता.

त्यांच्या घराची वायरिंग त्यांनी स्वतः केली होती आणि ती विमानाच्या धर्तीवर होती. बैठकीत एक मोठा बोर्ड. त्यावर पांढऱ्या खडूनं दोन रकाने लिहिलेले: 'अत्यावश्यक' आणि 'चैनीचे'. लाईन गेल्यावर घर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर यायचं, आणि मग चैनीच्या रकान्यातली सगळी बटणं घरात जो असेल त्यानं ताबडतोब पाडायची, असा नियम. टीव्ही चैनीचा. गिझर चैनीचा. मिक्सर महाचैनीचा. अत्यावश्यक म्हणजे स्वयंपाकघरातला एक छोटा दिवा, संडासातला एक आणि काकांचा जुना रेडिओ. "इमानात रेडिओ पायजेच," ते सांगत. घरात रेडिओवर कुणाशी बोलायचं असतं, हे विचारायची सोय नव्हती.

या बोर्डावरून काका आणि कमलकाकू यांच्यात जे युद्ध चालू होतं त्याला मी अनेक वर्षं साक्षीदार होते. भांडणाचं मूळ म्हणजे देवघरातला दिवा. काकांनी तो चैनीच्या रकान्यात टाकलेला. काकू रोज त्याचं नाव तिथून पुसून पुन्हा अत्यावश्यकमध्ये लिहायच्या.

"अहो, देव अंधारात बसवता का?" काकू म्हणायच्या.

"देवाले दिसते अंधारात. तो काही रांगोयी काढून राह्यला नाई."

"मंग तुमी काहून दिवा घेता संडासात? तुमाले काय तिथं वाचन करा लागते?"

काका यावर मला मध्ये ओढायचे. "मॅडम, तुमी शायेत शिकवता, तुमीच सांगा." मी भूगोल शिकवते, हा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही, असं सांगून मी दरवेळी निसटायची. शेवटी तह झाला. काकांनी कुठल्याशा भंगारातून आणलेला, विमानातल्या मीटरच्या काट्यांवर लावतात तो इवलासा दिवा देवघरात बसवून दिला. एवढा मिणमिणता, की बाळकृष्णाचं नाक तेवढं दिसायचं. काकूंनी दोन्हीकडे हात जोडले, देवाला आणि काकांना, आणि म्हणाल्या, "नाक तं नाक."

पण काका प्रत्येक वेळी जिंकायचे असं मुळीच नव्हतं. लाल दिव्याची गोष्ट गल्लीत अजून सांगितली जाते. रात्रीच्या उड्डाणात विमानाच्या आत लाल उजेड ठेवायची जुनी पद्धत होती, कारण लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. काकांना एक दिवस वाटलं, हे आपल्या स्वयंपाकघराला का नको? लाईन गेल्यावर उठून अंगणात जाताना काकू धडपडतात, ते बंद होईल. त्यांनी तिथे लाल दिवा बसवला. संध्याकाळी लाईन गेली. काकूंनी लाल उजेडात वरणाला फोडणी घातली. आता लाल उजेडात लाल रंग आणि पिवळा रंग सारखेच दिसतात. मिसळणाच्या डब्यातलं तिखट आणि हळद शेजारी शेजारी. काकूंनी हळद म्हणून तिखट घातलं, आणि रंग काही येईना म्हणून आणखी घातलं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मात्र जेवत राहिले. डोळ्यांतून धारा, कपाळावर घाम, पण ताटातलं वरण त्यांनी शेवटपर्यंत संपवलं, कारण दिवा त्यांनी लावला होता. काकूंनी विचारलं, "कसं झालं वरन?" काका म्हणाले, "बेस." सकाळी स्वयंपाकघरात पांढरा दिवा होता.

शिरपूर जैनला काकूंच्या भाचीचं लग्न होतं, तिथे मात्र काकांनी आपलं खरं रूप दाखवलं. लग्न गोरज मुहूर्तावर. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आणि लाईन गेली. जनरेटर सुरू केला तर तो धापा टाकून बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. मांडवात गोंधळ. काका उठले, जनरेटरपाशी गेले, वायरी कुठून कुठे जातात ते बॅटरीच्या उजेडात बघून आले आणि थेट मांडवाच्या मधोमध उभं राहून ओरडले, "लोड जास्त झाला! अर्ध्या वस्तू बंद करा लागतीन!" डीजे बंद. पाण्याचं कारंजं बंद. नवरा-नवरीच्या मागे गरगरणारं दिव्यांचं चक्र बंद. वरपक्षातले एक मामा चवताळून अंगावर आले, "डीजे कायले बंद करता? आमचे पोरं नाचाले आले न!"

"नाचू द्या," काका म्हणाले. "नाचाले लाईन लागत नाई. भटजीले पोथी दिसाले लागते अन् आचाऱ्याले कढई दिसाले लागते. बाकी सारं चैनीचं."

जनरेटर सुरळीत चालला. भटजी आणि आचारी, एवढ्या दोघांच्या डोक्यावर दिवा. लग्न लागलं, गरम जेवण वाढलं गेलं. डीजे नसल्यामुळे माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं आणि दोन घरांतलं जुनं भांडण तिथल्या तिथे मिटलं, असंही काकू सांगतात. त्यांच्या माहेरच्या गोष्टी असल्यामुळे मी त्यात थोडी वजावट करते.

काकांना राग एकाच शब्दाचा होता, 'येईन'. गल्लीत कुणी "येईन लाईन" म्हटलं की हे आतून गरजायचे, "कशावरून?" मी एकदा म्हणाले, "काका, येतेच की हो शेवटी." तेव्हा ते भिंतीपाशी आले. मी अंगणात वाळवणं उचलत होते. त्यांनी मला त्या दिवशी जे सांगितलं ते मी नंतर वर्गातही सांगितलं.

"मॅडम, अल्टरनेटर म्हंजे नय. इंजिन फिरते तोवर तो वाहाते. बॅटरी म्हंजे माठ. नय गेला, तं माठात जेवढं पानी तेवढंच. आता माठातल्या पान्यानं तुमी गाडी धुसान का? आंग धुसान का? नाई. पेयाले ठेवसान. वर इमानात तसंच हाय. नय गेला की माठावर अर्धा-पाऊन तास निंगते, तेबी काटकसर केली तं. अन् हे आपले लोकं काय करतात? येईन म्हनतात अन् बसतात. तिकडे माठ खाली होऊन राह्यला!" मग त्यांनी समोरच्या फाटकांना टेकलेल्या मंडळींकडे हात केला. "तुमची गेली का, आमची गेली. खाली ठीक हाय हे. वर शेजारी नसतो, मॅडम. कोनाले इचारता?"

आणि हेच नेमकं स्वातीच्या बाबतीत घडलं.

स्वाती माझी जुनी विद्यार्थिनी. गावाबाहेर तिच्या वडिलांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी बाजारात जी सगळ्यात हिरवी मेथी दिसेल ती त्यांची. ही पोरगी शाळेत असल्यापासून विमान चालवायचं म्हणायची आणि आम्ही सगळे हो हो म्हणायचो, पोरांना म्हणतात तसं. ती खरंच शिष्यवृत्ती मिळवून शेजारच्या जिल्ह्यातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाली. दिवसाचं उड्डाण तिनं झकास पार पाडलं. एकटीनं विमान उडवलं तेव्हा मळ्यात पेढे वाटले होते. राहिलं होतं रात्रीचं उड्डाण. ते झाल्याशिवाय लायसन्स नाही. आणि एक दिवस ती बॅग घेऊन घरी परत आली, मळ्यातल्या खोलीत बसली आणि म्हणाली, "मी नाई जात आता."

कारण कुणालाच सांगेना. तिचे वडील माझ्याकडे आले. हातात मेथीची जुडी, चेहरा उतरलेला. "मॅडम, तुमी इचारून पाहा. आमाले तं काई सांगून नाई राह्यली. तिचं एवढं एकच सपन होतं." मी तिला विचारलं. ती मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधायला लागली. तेव्हा मला सुचलं आणि मी तिला ओढत काकांकडे घेऊन गेले.

काकांनी तिची विचारपूस वगैरे काही केली नाही. खुर्ची दिली आणि एकदम विचारलं, "अल्टरनेटर गेला होता का?"

स्वातीनं चमकून वर बघितलं. "तुमाले कसं माहीत?"

"रातच्या उड्डानात दुसरं काय काढतात सर लोकं? बटन बंद करतात गुपचूप अन् पाहातात पोरगं काय करते. मंग? तू काय केलं?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, लाल दिवा लागला समोर. मले समजलं का अल्टरनेटर गेला म्हनून. सारं पाठ होतं मले. पन मी..." काकूंनी पाणी दिलं. "मी खिडकीतून खाली पाह्यलं. गावाकडे. गावाची गेली का आपलीच गेली, ते पाह्यलं. गावात लाईन होती. मंग मी बसून राह्यली. मले वाटलं, येईन."

शेजारी बसलेल्या सरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि विमान स्वतःच्या ताब्यात घेतलं. खाली आल्यावर म्हणाले, तू खाली गावाकडे का बघत होतीस? ते बिचारे लांबच्या कुठल्या मोठ्या शहरातले. त्यांना ती काय सांगणार? त्यांनी शेरा दिला, रात्री एकटीनं सोडण्यायोग्य नाही. आणि ती ओळखीच्या कुणालाही तोंड दाखवायच्या लायकीची राहिली नाही, असं तिचं ठाम मत झालं.

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता 'येईन' या शब्दावर स्फोट होणार. काकांच्या मिशा थरथरायला लागल्या. आणि मग ते जे हसले! पोट धरून, खुर्चीच्या पाठीवर डोकं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकूही हसायला लागल्या. मलाही राहवेना. स्वाती आधी रागानं बघत राहिली आणि मग तीही रडता रडता फिसकन हसली. काका डोळे पुसत म्हणाले, "अवं पोरी, तू नापास नाई झाली. तू मंगरूयपीरची हाय, बाकी काई नाई. जल्माची सवय हाय ते. लाईन गेली का पाय फाटकाकडे जाते. तुह्या सराच्या गावात लाईन जातच नसन, त्याले काय समजते?"

मग त्यांनी तिला तिथल्या तिथे शिष्या करून घेतलं. ती पुढच्या बोलावण्यापर्यंत घरीच होती. रोज दिवेलागणीला ती यायची. बैठकीत बोर्डासमोर प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर स्वाती. घरातले सगळे दिवे, टीव्ही, गिझर, मिक्सर चालू करायचे. काकांच्या घरात एवढा झगमगाट मी कधी पाहिला नव्हता. आणि मग काका कधीही, काहीही न सांगता, मेन स्विच खाली पाडत. काकूंची पोळी तव्यावर असो, माझा चहा हातात असो.

"बोल!"

"अल्टरनेटरचं बटन एकदा बंद, एकदा चालू. एकदाच."

"आला?"

"नाई आला."

"मंग?"

"गिझर बंद. म्हंजे पिटो हीटर, वेग मोजाच्या नयीले गरम ठेवते तो. अंगनातला हॅलोजन बंद, म्हंजे लँडिंग लाइट. चमकनारे दिवे बंद. दुसरा रेडिओ बंद." बोटं बोर्डावर पडत जायची.

"अन् इंजिन?"

"इंजिनाले लाईन लागत नाई. त्याची ठिनगी त्याची सोताची. पंखा फिरत राहाते."

"शाबास. म्हून भ्याचं नाई. फ्लॅप?"

इथे काकूंना मजा यायची. फ्लॅप म्हणजे पंखांचे मागचे पडदे. उतरताना ते खाली घेतात. छोट्या विमानात त्याला विजेची मोटर असते आणि ती एका दमात बरीच वीज खाते. काकांनी ते काम मिक्सरवर सोपवलं होतं. काकूच उत्तर द्यायच्या, "मिक्सर एकदाच फिरवाचा. चटनी एका फेरीत झाली पायजे!" त्या महिन्यात काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी जाडीभरडी असायची.

सगळ्यात कठीण भाग लँडिंग लाइटचा. तो विमानाच्या पुढचा मोठा दिवा, धावपट्टी दाखवणारा. तो लवकर लावला तर माठ रिकामा, आणि उशिरा लावला तर जमीन दिसायच्या आत जमीन येणार. स्वाती विचारायची, "काका, नेमका कधी लावाचा?" काका म्हणायचे, "रातच्याले घरी येतं तं कुलूप दिसाले बॅटरी कधी लावतं? गल्लीच्या तोंडी का दारात? दारात ना? तसंच." पण बोर्डासमोर बसून दार कुठे, हे तिला कसं कळणार, याचं उत्तर काकांकडे नव्हतं. ते त्यांनी कबूलही केलं. "ते मले खालून नाई सांगता येत. ते तुलेच वर दिसन."

फ्लाइंग स्कूलनं तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा काका म्हणाले, "मीबी येतो." त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या गाडीत पुढे काका, मागे काकू, स्वाती आणि तिचे वडील. सरांनी मोठ्या मनानं आम्हाला हँगरशेजारच्या कुंपणापाशी उभं राहू दिलं. सूर्य मावळला, धावपट्टीच्या कडेचे दिवे लागले आणि स्वाती सरांबरोबर वर गेली.

पहिल्या फेऱ्या सरळ झाल्या. विमान वर जायचं, मैदानाला वळसा घालून यायचं, चाकं टेकवून पुन्हा वर जायचं. समोरचा मोठा दिवा लखलखत असायचा आणि पंखांच्या टोकांवर पांढरी चमक. काकांचे हात कुंपणाच्या तारेवर. मग विमान मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असताना ती पांढरी चमक बंद झाली. पाठोपाठ मोठा दिवा विझला. अंधारात एक लाल आणि एक हिरवा ठिपका उरला.

"बाप्पा! काय झालं?" स्वातीचे वडील म्हणाले.

"काई नाई," काका म्हणाले. "सरानं अल्टरनेटर काढला. पोरीनं लोड उतरवला. पटकन उतरवला. पाह्यलं का मॅडम? वाट नाई पाह्यली तिनं."

ठिपके वळले. आता ते आमच्याकडे येत होते, खाली खाली. मोठा दिवा अजून बंदच. काका पुटपुटायला लागले, "नको लावू. अजून नको." मग, "आता पाह्य. आता पाह्य वं." काकूंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मला तर वाटलं की झाडाला लागतं आता. आणि धावपट्टीच्या अगदी तोंडाशी दिवा झपकन लागला, जमीन उजळली आणि चाकं टेकली. काकांनी तारेवर कपाळ टेकवलं.

विमान थांबलं. त्याचं दार उघडलं, सर खाली उतरले आणि विमानाकडे पाठ करून चालत आमच्या दिशेनं यायला लागले.

"अहो, ते काहून उतरले?" काकू घाबरून म्हणाल्या. "पोरीशी भांडन झालं का त्याईचं?"

माझ्याकडे वळून काकांनी हातानं खूण केली, तुम्हीच सांगा. मला काय माहीत? तेवढ्यात विमान वळलं आणि एकटी स्वाती धावपट्टीकडे निघाली. तेव्हा आम्हाला समजलं. सर उतरले म्हणजे पोरगी पास झाली होती. ती एकटीच वर गेली, रात्रीत, आणि आम्ही चौघं तोंड वर करून तिचे दिवे बघत राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका-काकू लेकीकडे नाशिकला राहायला गेले. लेकीला मदत हवी होती आणि काकांचे गुडघेही दुखत होते. ते निघाले तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे निरोप असा झालाच नाही. फोनवर बोलतात, माझ्या वीजबिलाची चौकशी करतात. मला त्यांची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकते. लाईन गेल्यावर शेजारून आरोळी येत नाही, तेव्हा खरा अंधार वाटतो. आणि आठवतात ते त्या संध्याकाळचे, कुंपणापाशी उभे असलेले काका.

स्वाती उतरली, विमान जागेवर लावलं, इंजिन बंद केलं आणि दार उघडून जी पळत सुटली ती थेट वडिलांच्या गळ्यात पडली. मग काकूंच्या. त्या तिघांची रडारड आणि हसणं चालू असताना मी बघितलं, काका तिच्या पलीकडे, मोकळ्या विमानाकडे बघतायत. आनंदाच्या भरात पोरगी मेन स्विच बंद करायलाच विसरली होती. विमानात कुणी नाही, इंजिन थंड, आणि शेपटीवरचा लाल दिवा लुकलुकतोय, एका पंखावर लाल, दुसऱ्यावर हिरवा. सगळे फुकट जळतायत. मी मनात म्हटलं, झालं, आता बिचारीची खैर नाही.

"काका," मी हळूच म्हणाले, "तिचं बटण चालूच राहिलं."

"दिसून राह्यलं मले," काका म्हणाले, पण हलले नाहीत.

तेवढ्यात हँगरमधून एक मेकॅनिक ते बंद करायला विमानाकडे निघाला. काका झटकन पुढे झाले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"थांब ना बाप्पा," ते म्हणाले. "जयू दे थोडे."